तिचा देश कोणता?



लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही, यावर आपल्या गटांमधून पुष्कळ चर्चा झाली आहे. पण नावाबरोबर बाईचा देशही बदलतो, कधी कधी हातचा जातो, याकडे आपलं फारसं लक्ष गेलेलं नाही.

आपल्याच शहरापासून सुरुवात करू. १९४८पर्यंत औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. शेजारचे नगर, नाशिक इंग्रजी अमलाखाली. सोयरिकी मात्र हद्द ओलांडून होत होत्या. माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, ही अनेकींची गोष्ट होती. संस्थानात सरकारी नोकरी हवी तर ‘मुलकी’ असावं लागे. १९१९च्या मुलकी नियमांप्रमाणे बाहेरून आलेल्या माणसाला पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे, आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागे. बाईसाठी मात्र एवढंच पुरेसं होतं, की ती मुलकी पुरुषाची बायको आहे. वरवर पाहता ही सवलतच! पण ती या मातीत किती वर्षं राबली, याची कुणी मोजदाद करायची नाही, ती कुणाची आहे एवढंच पाहायचं, हा त्यामागचा विचार.

त्याच काळात अमेरिकेत या विचाराची किंमत भारतीय कुटुंबांनी मोजली. १९०७च्या तिथल्या कायद्यानं परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री आपलं नागरिकत्व गमावत असे. मतदानाचा हक्क मिळवल्यावर तिथल्या स्त्रियांनी लढून १९२२मध्ये हा कायदा बदलून घेतला. पण त्यात एक मेख राहिली. नवरा नागरिकत्वास ‘अपात्र’ वंशाचा असेल, तर बायकोचं नागरिकत्व जाणारच. फेब्रुवारी १९२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीयांना अपात्र ठरवलं आणि सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात केली.

सखाराम गणेश पंडित हे लॉस एंजेलिसमधले वकील. १९१४मध्ये ते नागरिक झाले होते. त्यांची पत्नी लिलियन जन्मानं अमेरिकन. पंडितांनी न्यायालयात सांगितलं, की माझं नागरिकत्व काढलंत तर माझी सनद जाईल, मालमत्ता जाईल आणि माझ्या बायकोचंही नागरिकत्व जाईल. १९२७मध्ये ते अखेर जिंकले. आनंदाचीच गोष्ट. पण जन्मापासून त्या देशाची असलेली लिलियन त्या देशाची राहणार की नाही, हे तिच्या नवऱ्याच्या खटल्यावर ठरत होतं, हे विसरता येत नाही.

पेशावरहून १९१५मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला उतरलेल्या कला बगाई यांच्या वाट्याला याहून कठीण आलं. बर्कलीत घर घेतलं तर शेजाऱ्यांनी त्यांना आत राहायला येऊ दिलं नाही. पती वैष्णोदास १९२१मध्ये नागरिक झाले, आणि थिंड निकालानंतर ते नागरिकत्व गेलं. दुकान गेलं, भारतात जाऊन येण्यासाठी अमेरिकन पासपोर्ट मिळेना. १९२८मध्ये त्यांनी आत्महत्या केली. तीन मुलगे घेऊन कलाबाई परक्या भाषेच्या देशात एकट्या उभ्या राहिल्या, शिकल्या, मुलांना शिकवलं. १९४६च्या कायद्यानं भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडलं. त्यानंतर त्या तिथल्या नागरिक झाल्या. आज बर्कलीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

जगभरच्या स्त्री-संघटनांनी हा प्रश्न सोडला नाही. १९३०मध्ये हेगच्या परिषदेत त्यांनी स्वतंत्र राष्ट्रीयत्वाची मागणी लावून धरली. १९३३मध्ये माँटेव्हिडिओला अमेरिका खंडातल्या देशांनी, तर १९५७मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या विषयावर करार केला. १९७९च्या स्त्रियांविरुद्धचे भेदभाव नष्ट करण्याच्या करारातलं नववं कलम राष्ट्रीयत्वाबद्दलच आहे. भारतानं तो करार १९९३मध्ये मान्य केला.

आपल्याकडे काय? १९५५च्या नागरिकत्व कायद्यात परदेशात जन्मलेल्या मुलाला वंशानं नागरिकत्व मिळे ते फक्त बापाकडून. ‘आई किंवा बाप’ हे शब्द यायला १९९२ उजाडावं लागलं. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. त्याच कायद्यात भारतीय नागरिकाशी ‘विवाहित असलेली किंवा विवाहित होती अशी’ स्त्री नोंदणीनं नागरिक होऊ शकत होती. २००३च्या दुरुस्तीनंतर कलमात उरलं ते फक्त ‘विवाहित आहे’, आणि सोबत सात वर्षांचा रहिवास. म्हणजे सहाव्या वर्षी नवरा वारला किंवा त्यानं तलाक दिला, तर या कलमाचा रस्ता बंद. मारझोड करणाऱ्या नवऱ्याच्या हाती याहून मोठं हत्यार कोणतं द्यायचं?

ही फक्त परदेशातून आलेल्या सुनांची गोष्ट नाही. आसामच्या नागरिक नोंदणीत लाखो विवाहित स्त्रियांकडे माहेरचं नातं दाखवायला ग्रामपंचायतीच्या दाखल्याखेरीज काहीच नव्हतं. ना जन्मनोंद, ना शाळेचा दाखला. ते दाखले उच्च न्यायालयानं नाकारले आणि डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पडताळणीच्या अटीवर मान्य केले. मधले महिने त्या बायकांनी कसे काढले असतील? समुपदेशनाच्या कामात मला भेटणाऱ्या बहुतेक जणींची पिशवी अशीच रिकामी असते. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव पहिलं, जन्माची नोंद नाही, लग्नाची नोंदणी नाही. घर सोडताना उरलेले कागदही सासरीच राहतात.

म्हणून आपल्या गटांपुढे दोन कामं ठेवावीशी वाटतात. पहिलं, येत्या तिमाहीत वस्तीतल्या प्रत्येकीचे कागद तिच्या स्वतःच्या नावाचे आहेत का, हे पाहायचं. जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाहनोंदणी यांच्या प्रती तिच्याकडे आणि एक विश्वासाच्या जागी ठेवायच्या. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आईचं नाव लागतं. ते नीट लागतंय का, हेही तपासायचं. दुसरं, नागरिकत्वाच्या कायद्यात विधवा, घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांचा हक्क परत यावा, ही मागणी आपल्या खासदारांपर्यंत लेखी पोचवायची. मसुदा आपण मिळून करू. तुमच्या भागातल्या अडचणी अंकाच्या पत्त्यावर जरूर कळवा.