विश्लेषण : गजकर्ण बरे होऊन पुन्हा का उलटते? माहुलच्या घरांशी त्याचा काय संबंध?

पावसाळा सुरू झाला की जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली गोल, लालसर, खाजणारे चट्टे दिसू लागतात. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम लावले की आठवडाभरात ते नाहीसे होतात आणि महिन्याभरात दुप्पट होऊन परततात. माहुलच्या पुनर्वसन वसाहतीसारख्या दाट वस्तीत तर हा आजार एका माणसापुरता राहत नाही, तो सगळ्या घराचा होतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय?

गजकर्ण कशामुळे होते?

गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी त्वचेच्या वरच्या थरातील केराटिन या प्रथिनावर जगते. घाम, दमटपणा आणि घट्ट कपडे तिला पोषक ठरतात. चट्टा कडेने पसरत जातो आणि मध्यभागी त्वचा बरी झाल्यासारखी दिसते, म्हणून त्याला कड्यासारखा आकार येतो. एकाच टॉवेलने अंग पुसणे, एकमेकांचे कपडे घालणे, एका अंथरुणावर झोपणे यांतून तो घरभर फिरतो. त्वचेच्या सुटलेल्या पापुद्र्यांमधून बुरशी कपड्यांवर आणि चादरींवर महिनोन्महिने टिकू शकते.

मलमाने बरे वाटते, मग चुकते कुठे?

दुकानात सहज मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉईड एकत्र असतात. स्टेरॉईड शरीराची प्रतिकारक्रिया दाबते. त्यामुळे खाज आणि लाली लगेच कमी होते, पण बुरशी मरत नाही. उलट तिला वाढायला मोकळे रान मिळते. कड्याचा आकार पुसट होतो आणि डॉक्टरांनाही निदान अवघड जाते. दीर्घकाळ वापरल्यास त्वचा पातळ होते आणि तिच्यावर कायमचे ओरखड्यांसारखे पट्टे उमटतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने 14 स्टेरॉईड मलमांची चिठ्ठीविना विक्री रोखली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत त्वचेवर लावायची काही मलमेही होती. तरीही ‘खाजेचे मलम द्या’ एवढे म्हटले की काउंटरवर ट्यूब येते.

औषधे निष्प्रभ का होत आहेत?

टर्बिनाफिन हे गजकर्णावरचे नेहमीचे औषध. बुरशीला पेशीचे आवरण बांधण्यासाठी लागणारे एक विकर ते बंद पाडते. मात्र, त्या विकराच्या जनुकात बदल झालेल्या बुरशीवर औषधाचा मारा चुकतो. भारतात पसरलेल्या अशा प्रकाराला 2020 मध्ये जपानमधील संशोधकांनी ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे स्वतंत्र नाव दिले. त्यांनी तपासलेले रुग्ण भारतीय आणि नेपाळी होते. 2023 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कमधील दोन रुग्णांत तो आढळल्याची नोंद झाली. त्यांपैकी एका रुग्णाने परदेश प्रवासही केलेला नव्हता. स्टेरॉईडमिश्रित मलमांचा बेसुमार वापर आणि अर्धवट सोडलेले उपचार यांनी या प्रसाराला हातभार लावला, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

माहुलचा प्रश्न काय आहे?

तानसा जलवाहिनीलगतची घरे 2017 मध्ये पाडल्यानंतर हजारो कुटुंबांना माहुलमध्ये पाठवण्यात आले. 72 इमारती, 17 हजारांवर घरे आणि प्रत्येक घर सुमारे 225 चौरस फुटांचे. शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे इथल्या हवेचा प्रश्न गाजला. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने, तर 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रहिवाशांच्या आरोग्याच्या धोक्याची दखल घेतली. रहिवाशांच्या तक्रारींत श्वसनाच्या त्रासाबरोबर त्वचाविकारही होते.

गजकर्ण हवेतल्या वायूंमुळे होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण इमारती इतक्या खेटून उभ्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही. एका खोलीत पाच-सहा जण झोपतात आणि पावसाळ्यात कपडे घरातच वाळतात. डॉक्टर सांगतात, ‘कपडे उन्हात वाळवा, टॉवेल वेगळा ठेवा, रुग्णाने स्वतंत्र झोपावे.’ सल्ला अचूक आहे, पण तो पाळायला लागणारी जागाच घरात नाही.

मग उपचार कसे घ्यावेत?

पहिली गोष्ट, स्टेरॉईड असलेले मलम थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि आतापर्यंत वापरलेली ट्यूब सोबत न्यावी. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या साध्या तपासणीत बुरशी दिसते. चट्टे थोडे असतील तर बुरशीनाशक मलम पुरते. ते चट्ट्याच्या कडेबाहेर दोन बोटे लावावे आणि चट्टा गेल्यावरही किमान दोन आठवडे सुरू ठेवावे. संसर्ग पसरला असेल तर गोळ्या अनेक आठवडे घ्याव्या लागतात. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्याव्यात, विशेषतः यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर.

घरात ज्यांना चट्टे आहेत त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवेत. आईचे बरे झाले आणि मुलाचे राहिले, तर आजार पुन्हा आईकडे येतो. कपडे गरम पाण्यात धुवावेत, ऊन नसेल तर उलटे करून पंख्याखाली पूर्ण वाळवावेत किंवा इस्त्री फिरवावी. ओलसर कपडे अंगावर चढवू नयेत.

जबाबदारी कोणाची?

खाज सुटली की रुग्ण दुकानात जातो, कारण शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील त्वचारोग विभाग गाठायचा तर दिवसाची मजुरी बुडते. ती तीस-चाळीस रुपयांची ट्यूब त्याला स्वस्त वाटते आणि शेवटी तीच सर्वांत महाग पडते. महापालिकेने वसाहतीतल्या दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस जरी त्वचारोगतज्ज्ञ बसवला, तिथेच बुरशीची तपासणी केली आणि पूर्ण कालावधीची औषधे दिली, तर हे चक्र तुटू शकते. चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीवर अन्न व औषध प्रशासनाने कारवाई करायला हवी. माहुलमधील रिकामी घरे आपल्या कर्मचाऱ्यांना विकायला काढलेल्या महापालिकेसाठी तर हा प्रश्न आता फक्त विस्थापितांचा उरलेला नाही. नवी कुटुंबे येण्याआधी कपडे वाळवायला गच्ची आणि तपासायला डॉक्टर, एवढी सोय तरी झाली पाहिजे.