‘प्राणी आवडतात’? बरं, मग?

दिवाळीला गावी जाताना बोका एका सिटरबाईंकडे ठेवला. “मला प्राणी खूऽऽप आवडतात हो!” मी भुललो. तिसऱ्या दिवशी फोन : “कालपासून खात नाहीये, रुसलाय बहुतेक. सारखा वाळूत जाऊन बसतो.”

अहो, रुसलाय काय! बोक्याची लघवी तुंबली की दोनेक दिवसांत जीव जाऊ शकतो. मित्राने रात्रीच डॉक्टरकडे पळवला म्हणून वाचला. (डॉक्टरचा नंबर मी लिहून दिला नव्हता. ती चूक माझी.)

पैसे घेऊन जनावर सांभाळायचं तर एवढं माहीत हवंच. मांजर म्हणजे छोटा कुत्रा नव्हे. कुत्र्याला एखादा उपास चालून जातो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठू लागते. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल? एका गोळीत मांजर मरू शकतं. आणि कुत्र्याला लाडाने भरवलेल्या शिऱ्यातले बेदाणे त्याच्या किडन्या निकामी करू शकतात.

“मला कम्प्युटर आवडतात” म्हणणाऱ्याला आपण प्रॉडक्शन सर्व्हरचा पासवर्ड देतो का?

पुढच्या वेळी मी एकच विचारणार : बोका वाळूत बसतोय, लघवी होत नाहीये, काय कराल? “सकाळपर्यंत वाट बघू” म्हणाले, की चहा पाजून निरोप.