जुनी वही, नवा संगणक

नवी मुंबईत वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीतील गाळ्यांत आता हिशेब संगणकावर चालतो. पेढीचा संगणक नवा, पण बिलांचा प्रोग्राम मात्र पंधरा वर्षांपूर्वीचा असला की अडचण उभी राहते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्यामुळे संगणक बदलण्याची निकडही वाढली आहे.

पूर्वी खतावणी मोडीत लिहिली जाई. मोडी न येणाऱ्या मुनिमाच्या हाती ती पडली, तर वही शाबूत असूनही मुकीच राही. जुन्या प्रोग्रामचेही तसेच आहे. तो पुष्कळशी कामे संगणकातील एका सहायक संचाकडून करवून घेतो. या संचास ‘रनटाइम’ म्हणतात. प्रोग्रामला हवी असलेली त्याची आवृत्ती नसेल, तर प्रोग्राम उघडत नाही.

नवी आवृत्ती जुनीचे काम करीलच, हा समज चुकीचा आहे. विंडोज ११ सोबत डॉट नेट फ्रेमवर्कची ४.८ किंवा त्यापुढील आवृत्ती येते. परंतु २.० किंवा ३.५ साठी रचलेला प्रोग्राम सहसा ३.५ च मागतो, आणि ती वेगळी बसवावी लागते. दोन्ही आवृत्त्या एकाच संगणकावर शेजारी-शेजारी नांदू शकतात. व्हिज्युअल सी प्लस प्लसच्या २००८, २०१० व २०१३ च्या संचांचेही असेच आहे. म्हणून ‘जुने आहे’ एवढ्याच कारणाने ते काढून टाकू नयेत. त्यांवर दुसरा एखादा प्रोग्राम अवलंबून असू शकतो. तसेच ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्राम बसवावयाचा असल्यास त्यास ३२ बिटचाच संच लागतो.

‘अमुक डीएलएल सापडत नाही’ असा संदेश आल्यावर ती एकच फाइल कोठल्यातरी अनोळखी ठिकाणाहून उतरवून घेणे हा घातक उपाय होय. संपूर्ण संच मूळ निर्मात्याकडूनच घ्यावा. डॉसच्या काळातील १६ बिट प्रोग्राम तर ६४ बिट विंडोजवर थेट चालतच नाही. त्यासाठी आभासी संगणक अथवा इंटरनेटपासून तोडलेले जुने यंत्र हाच मार्ग उरतो.

ग्राहकाकडे काम करणाऱ्या तरुणांनी प्रथम हिशेबाची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती उघडते की नाही, हे पाहावे. संदेशातील आवृत्तीचा आकडा लिहून घ्यावा, एका वेळी एकच बदल करावा आणि काय बसविले याची टिपण ग्राहकास द्यावी. ३१ मार्चच्या तोंडावर किंवा विवरणपत्र भरण्याच्या दिवसांत हे काम हाती घेऊ नये. जुने यंत्रही लगेच विकू नये.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२१-२२ चे विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत भरावयाचे होते. त्या वर्षाच्या वह्या २०२८ च्या अखेरपर्यंत दाखविता आल्या पाहिजेत. म्हणून जुना प्रोग्राम चालू आहे तोवरच प्रत्येक वर्षाची खतावणी, रोजमेळ व बिले पीडीएफमध्ये उतरवून ठेवावीत. ती वाचण्यास जुन्या रनटाइमची गरज पडत नाही.