संमतीपत्रावरची सही तुमचीच आहे

आज जरा लांब लिहितोय. चहा घेऊन बसा. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा, मग कमेंटमध्ये काय झोडपायचं ते झोडपा.

मागच्या पंधरवड्यात आपल्या गावातल्या एका हायस्कूलची नववी-दहावीची पोरं एसटीची बस करून एक दिवसाच्या अभ्यास सहलीला गेली. सकाळी गडचिरोलीचं कोर्ट, दुपारी धानोरा रोडवरचं मेंढा (लेखा) आणि तिथलं जंगल, संध्याकाळी वडशाला झाडीपट्टीच्या एका नाटक कंपनीची तालीम. झालं! दुसऱ्या दिवशी पालकांचा ग्रुप पेटला. "पोट्ट्यांना आरोपी दाखवाले नेलं का?" "पोरींना नाटकवाल्यांत कशाला?" "जंगल काय आपल्याकडं कमी हाय?" तीन दिवसांत सहल काढणाऱ्या सरांना संस्थेची कारणे दाखवा नोटीस.

गेल्या वर्षी याच शाळेची सहल नागपूरच्या वॉटर पार्कला गेली होती, तेव्हा ग्रुपवर फक्त अंगठे आले होते.

आधी कोर्टाचं बोलू, कारण खरी बोंब तिथली आहे. फौजदारी न्यायालय हे खुलं न्यायालय आहे, लोकांना तिथं जाऊन बसता येतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२७ मध्ये ते होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. बलात्काराचे खटले बंद दालनात चालतात. तिथे पोरं गेलेली नव्हती, कुणी जाऊही दिलं नसतं. त्यांनी पाहिली ती चोरट्या सागवानाची केस. वनरक्षकाची उलटतपासणी झाली, मग पंच पिंजऱ्यात आला. म्हणाला, सही माझी आहे, पण कागद वाचला नव्हता, साहेब म्हणाले कर, केली. बाहेर आल्यावर एका मुलीने सरांना विचारलं, "न वाचता सही केली तर ती सही कशाची?"

मी वीस वर्षं पत्रकारिता करतो. डिप्लोमा आहे, गळ्यात कार्ड आहे. पोलिसांची प्रेसनोट आली की 'आरोपी जेरबंद' असं हेडिंग लावून मोकळा होतो. पण पंचनामा कोर्टात कसा फाटतो ते पाहायला एका केसला पहिल्या साक्षीपासून निकालापर्यंत बसलो नाही. नववीच्या पोरीला पडलेला प्रश्न मला पडला नाही, हे लिहिताना लाज वाटते.

दुसरी तक्रार, सरांनी बसमध्ये देसाईगंजची केस सांगितली. हो, सांगितली. १९७२ साली देसाईगंज पोलीस ठाण्यात, म्हणजे आपल्या वडशात, घरच्या तक्रारीसाठी बोलावलेल्या एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वय १४ ते १६ च्या दरम्यान, म्हणजे तुमच्या पोरीएवढंच. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने दोन्ही पोलीस सोडले, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडले. का, तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. म्हणजे तिची संमती! १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचं नाव छापायचं नाही हा नियमही तेव्हाचाच. देशाचा कायदा बदलवणारी केस आपल्या ठाण्यातली, आणि आपल्या पोरांना ती दिल्लीतून कुणीतरी सांगावी, असं आहे का?

एक तक्रार मात्र मला पटली. कोर्टाच्या आवारात कैद्यांची गाडी आली तेव्हा एक मुलगा खाली मान घालून बसला. त्याच्या घरचं माणूस आत आहे. कोण, ते सांगणार नाही. सरांनी त्याच्याशी आधी बोलायला पाहिजे होतं. ही चूक आहे आणि ती सरांनी माझ्यापाशी कबूल केली. पण ग्रुपवरच्या दोनशे मेसेजमध्ये या पोराबद्दल एक ओळ नाही.

"जंगल काय कमी हाय" म्हणणाऱ्यांनो, मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. वनखात्याच्या १९२७ च्या कायद्यात बांबू झाड होता, २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. गावात अभ्यासगट बसतो, कायदा वाचतो. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत ग्रामसभा निर्णय घेत नाही. पोरांना तिथे बांबूच्या रांझीत उभं करून दाखवलं की यंदाचा कोंब आणि गेल्या वर्षीची काठी तोडायची नाही, तोडायची ती जुनी. सकाळी न वाचता सही करणारा पंच, दुपारी वाचल्याशिवाय सही न करणारं गाव. एवढं एका दिवसात कोणतं पुस्तक शिकवतं?

नाटकाचं थोडक्यात. २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या परशुराम खुणेंना झाडीपट्टीसाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा याच ग्रुपवर हार-फुलांचे फोटो होते. दिवाळी ते होळी रात्रभर मंडपात लेकीबाळींसकट बसता ना? मग तालीम पाहिली तर काय बिघडलं?

आता शेवटचं. सहलीच्या आधी घरोघरी संमतीपत्र आलं होतं. तिन्ही ठिकाणं नावानिशी छापलेली, खाली पालकाची सही. नोटिशीत लिहिलंय, "पालकांना कल्पना न देता". मी माझं काढून पाहिलं. माझी पोरगी नववीत आहे आणि सही माझीच आहे. गाडीच्या सीटवर कागद ठेवून, न वाचता केलेली.

शनिवारी चार वाजता पालकसभा आहे. मी बापाच्या नात्यानं येतोय. ज्यांनी तक्रारीवर सह्या केल्या त्यांनी आपापलं संमतीपत्र घेऊन या. माझ्या संमतीपत्राच्या दहा झेरॉक्स काढून ठेवल्यात, ज्याला पाहिजे त्यानं मागा.