नकाशावरची तुटक रेघ

गेल्या हिवाळ्यात पुण्याचा भाचा आमच्याकडे आला तो मोटारीच्या टपावर सायकल बांधून. टायर जाड आणि खाचांचे, हँडल मात्र शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले. ‘‘मामा, हिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात. ही डांबरासाठी नाही, खडी-मुरमाच्या रस्त्यासाठी असते,’’ त्याने सांगितले. किंमत ऐकून मी गप्प बसलो. तेवढ्या पैशांत आमच्या बाजारात बैल बघता आले असते. मग त्याने विचारले, ‘‘तुमच्या डोंगरात असे कच्चे रस्ते आहेत का, जिथे गाड्याच येत नाहीत?’’

मला हसू आले. आमच्या गावाला डांबर कधी येणार, हे विचारण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. आणि हा पोरगा चारशे किलोमीटरवरून डांबर नसलेला रस्ता शोधत आला होता!

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. त्याची ती नवी सायकल आणि माझी जुनी काळी, मागे कॅरिअरची. लोहा-कंधारच्या हद्दीवरून मन्याडच्या खोऱ्यात उतरून लिंबोटी धरणाकडे आणि पुढे अहमदपूरच्या शिवेपर्यंत जायचे ठरले. बालाघाट म्हणजे काही सह्याद्री नव्हे. बीड-धाराशिवकडून लातूर जिल्ह्यात शिरलेली ही रांग कंधार-मुखेडकडे येता येता दमते आणि माळ, टेकड्या, ओढे असे पसरत जाते. पण सायकलवाल्याला असाच डोंगर मानवतो. चढ लागतो, पण छाती फुटत नाही. दोन्ही बाजूंना हरभरा, करडई, मध्येच सीताफळीची झुडपे आणि पळस. दोन तासांत आम्हाला भेटले ते दोन बैलगाड्या, एक ट्रॅक्टर आणि शेळ्यांचा एक कळप. भाचा सारखा थांबून फोटो घेत होता. मला मात्र वाटेत दिसलेल्या दुसऱ्याच गोष्टी अस्वस्थ करत होत्या.

तीन ठिकाणी वाट मध्येच संपली. एके ठिकाणी ती थेट नांगरून टाकली होती. दुसऱ्या ठिकाणी तारेचे कुंपण आडवे आले. तिसऱ्या ठिकाणी दोन्ही बांध एकमेकांकडे असे सरकले होते की, बैलगाडी जायची तिथून सायकल हातात धरून न्यावी लागली. माझ्या लहानपणी याच वाटेने लग्नाची वऱ्हाडे आणि माळेगावच्या जत्रेच्या गाड्या जात.

तेथेच एक शेतकरी भेटले. ‘‘मास्तर, सडक सोडून हिकडं कुठं जायलाव?’’

‘‘सायकलीला हीच वाट बरी आहे.’’

‘‘तुमाला बरी हाय हो. पावसाळ्यात येऊन बघा. गाडी जात न्हाई, खताचं पोतं डोक्यावर न्यावं लागतंय. सडक करा म्हणून आमी कवाचे बोंबलायलाव!’’

त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे होते. काळ्या मातीच्या वाटेचे कौतुक कोरड्या दिवसांतल्या पाहुण्याने करावे. श्रावणात तीच माती चाकाला आणि पायाला धरून ठेवते. म्हणून कच्च्या वाटा जशाच्या तशा ठेवा, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण त्यांना हवी असलेली वाट आणि माझ्या भाच्याला हवी असलेली वाट या खरोखर दोन वेगळ्या आहेत काय?

आधी ही वाट कोणाची, ते पाहू. गावनकाशा उघडून पाहिला तर गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने आणि पायवाट एकेरी तुटक रेघेने दाखवलेली असते. नकाशावर असलेली गाडीवाट ही शेजारच्या शेतकऱ्याची मेहेरबानी नसते, ती गावाची असते. पूर्वापार वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढण्याचा अधिकार मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ ने तहसीलदारांना दिला आहे. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दाद मागावी लागते. शेताला वाटच नसेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये शासनाने रोजगार हमीची जोड देऊन मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. मे २०२५ मध्ये शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घ्यावी, असेही ठरले. म्हणजे कायदा आहे आणि योजनाही आहे. नाही ती गावाची आठवण. सहा महिने कोणी बोलले नाही की वाट अवघड होते आणि एक पिढी बोलली नाही की ती विसरलीच जाते.

आता दुसरी बाजू. तुळजापूर-नागपूर हा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जातो. तो रुंद झाला ही चांगलीच गोष्ट झाली. लातूरच्या दवाखान्यात रुग्ण न्यायचा असतो, तेव्हा त्याची किंमत कळते. पण रस्ता रुंद झाला तसा वेगही वाढला आणि सायकलवाला कडेला सरकत सरकत मातीत गेला. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार होते.

परतीच्या वाटेवर सडकेला लागलो, तेव्हा तांड्यावरची एक मुलगी सायकलवरून शाळेतून येताना भेटली. नववीत आहे. मी विचारले, ‘‘बाई, तुम्ही पोरी तर माळावरच्या वाटेने जात होता ना?’’

‘‘ती वाट नांगरली, आजोबा. आता सडकंनंच जाते. ट्रक जवळून गेला की सायकल हलतीय.’’

वाचकहो, या सबंध प्रश्नाचे मर्म मला त्या एका वाक्यात सापडले. मानव विकास कार्यक्रमातून नांदेड जिल्ह्यातल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. फार चांगले काम. पण सायकल दिली आणि वाट गेली, तर त्या मुलीला आपण नेमके काय दिले? घरातल्या माणसांना रोज सडकेची भीती वाटू लागली की सायकल भिंतीला टेकते. आणि सायकल भिंतीला टेकली की शाळा सुटायला फार दिवस लागत नाहीत.

इटलीत तस्कनी नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे द्राक्षमळ्यांतून जाणारे पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. त्यांवर डांबर पडून ते नाहीसे होतील, या काळजीने काही मंडळींनी १९९७ साली ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी शंभरजणही नव्हते. पुढे हजारो येऊ लागले. आता तेथे सुमारे दोनशे किलोमीटरचा कायमचा मार्ग पाट्या लावून आखलेला आहे. पाहुणे आले, खानावळी चालल्या आणि ज्या रस्त्यांना गावकरी मागासलेपणाची खूण समजत, ते त्यांच्या अभिमानाचा विषय झाले. आपल्याकडे उद्या तसे होईल, असे मी म्हणत नाही. तस्कनीत आपले ऊन नाही आणि बाभळीचे काटेही नाहीत! आमच्या फेरीत भाच्याच्या महागड्या टायरलाही काटा लागलाच. पण वापरात असलेली वाट टिकते, एवढी गोष्ट तेथून घेण्यासारखी आहे.

मग करायचे काय? ट्रॅक्टरला हवा तो घट्ट दाबलेल्या खडी-मुरमाचा, दोन्ही बाजूंना चर असलेला, ओढ्यावर नळ्या टाकलेला रस्ता. सायकलीलाही नेमका तोच हवा. शेतकरी, शाळकरी मुलगी आणि पुण्याचा हौशी पाहुणा या तिघांचे हित एका रस्त्यावर एकत्र येते, असे प्रसंग सार्वजनिक कामात फार थोडे. प्रत्येक ग्रामसभेने एकदा गावनकाशा भिंतीवर लावावा, तरुणांनी शिवारफेरी काढून प्रत्येक तुटक रेघ पायाखालून घालावी आणि हरवलेल्या वाटांची यादी करावी. दुरुस्तीच्या यादीत शाळेकडे जाणारी वाट पहिली घ्यावी. ज्याचा बांध सरकला आहे, त्याला आधी चार माणसांनी समजावावे, तहसील नंतर. अशा गावोगावच्या वाटा जोडल्या, तर लिंबोटीपासून कंधारच्या किल्ल्यापर्यंत आणि पुढे बारूळच्या धरणापर्यंत दिवाळी ते होळी सायकल चालवण्याजोगा सुंदर मार्ग होईल. पण तो पाहुण्यांसाठी म्हणून करायला गेलो, तर फसेल. तो शेतासाठी आणि शाळेसाठी करावा. पाहुणे त्यामागून येतील.

भाचा पुण्याला गेला. जाताना म्हणाला, ‘‘मामा, पुढच्या वर्षी मित्रांना घेऊन येतो.’’ मी म्हटले, ‘‘ये, पण ती मधली नांगरलेली वाट तोवर मोकळी झाली पाहिजे.’’ दुसऱ्या दिवशी मी तलाठी कार्यालयात जाऊन नकाशा पाहिला. दुहेरी तुटक रेघ जागच्या जागी आहे. ती नांगरणारा माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. सहा महिने व्हायला अजून अवकाश आहे. येत्या रविवारी त्याच्या घरी चहाला जाणार आहे. नकाशाची प्रत सोबत नेईन.