कुंपणावरचा अडुळसा

शेरडे तोंड लावत नाहीत, या एका गुणावर अडुळशाने कुंपणावरची जागा मिळवली, आणि खोकल्याला उतार पडतो, या दुसऱ्या गुणावर ग्रंथांतली. आयुर्वेदाच्या संहितांत तो ‘वासा’ या नावाने येतो. खोकला, दमा, रक्तपित्त यांवर त्याची योजना आहे. पण सुश्रुताच्या उत्तरतंत्रात खोकल्याची कारणे सांगताना आरंभीच धूर आणि धूळ यांचा उल्लेख होतो, आणि त्याच तंत्राच्या पहिल्या अध्यायात, थोडक्यात चिकित्सा म्हणजे रोगाचे कारण टाळणे, असे म्हटले आहे. पुढच्या शतकांनी वासावलेह आणि वासाघृत मुखोद्गत केले. धुळीचे कलम मात्र पाठांतरात राहिले, आचरणात फारसे उतरले नाही. वनस्पती सोपी असते, ती कुंपणावरून तोडता येते. कारण टाळायचे तर कुणाच्या तरी धंद्यात हात घालावा लागतो.

घरोघरच्या ज्ञानाला हा दोष देता येणार नाही, कारण त्याच्या हाती तेवढेच होते आणि तेवढे त्याने चोख सांभाळले. अडुळशाची पाने नुसती कुटून रस निघत नाही. ती वाफवावी लागतात किंवा पानांत गुंडाळून निखाऱ्यात भाजावी लागतात, मग फडक्यातून पिळल्यावर हिरवट कडू रस वाटीत उतरतो आणि मधातून चाटवला जातो. गरोदर बाईला मात्र तो देत नाहीत. गर्भाशय आकुंचित करण्याचा त्याचा गुण प्रयोगशाळेत दिसला, तो पुष्कळ नंतर.

युरोपातही हीच कथा वेगळ्या वेशात घडत होती. 1556 मध्ये छापलेल्या खाणविद्येच्या ग्रंथात अॅग्रिकोलाने कार्पेथियन पर्वतातल्या खाणींजवळच्या, सात-सात नवरे क्षयासारख्या रोगाने गमावलेल्या बायकांची नोंद केली आणि धुळीपासून बचावासाठी तोंडावर सैल फडके घेण्याचाही उल्लेख केला. 1700 मध्ये रामाझ्झिनीने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्याच्या प्रश्नांत एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? 1753 मध्ये लिनियसने अडुळशाला शास्त्रीय नाव दिले. त्यातला ‘अधाटोडा’ हा शब्द ‘शेळी शिवत नाही’ अशा अर्थाच्या दाक्षिणात्य नावावरून आला, असे सांगतात. 1888 मध्ये डेव्हिड हूपरने पानांतून ‘व्हॅसिसिन’ वेगळे केले, आणि त्याच्याच रचनेत फेरफार करून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘ब्रोमहेक्सिन’ हे कफ पातळ करणारे औषध बाजारात आले. कुंपणावरचा पाला असा गोळी होऊन परत आला. धुळीच्या प्रश्नाने मात्र एवढा प्रवास केला नाही.

कागलच्या घाटगे घराण्यातून कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी 1906 मध्ये सूतगिरणीचा पाया घातला, तेव्हा कापसाची धूळ संस्थानात नवी होती. शेजारच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत बायका दुसऱ्याच धुळीत बसल्या. युरोपात हीच तंबाखू एकेकाळी औषधी म्हणून वाखाणली गेली होती, हा त्यातला विनोद. ऑइल इंजिनांच्या मागणीवर कोल्हापूरचे उद्यमनगर वाढले, तिथून शिरोली, गोकुळ शिरगाव, आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत, असा फौंड्रीचा धंदा पसरला. साच्याची वाळू ही या धंद्याची माती: कास्टिंग थंड झाले की साचा फोडायचा, वाळू झाडायची, फेटलिंगला, म्हणजे कास्टिंगच्या कडा घासून साफ करायला, ग्राइंडर लावायचा. त्या वेळी उन्हाच्या तिरिपेत जी चकाकी तरंगताना दिसते ती खरी घातक नव्हे. घातक कण त्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणारे. स्फटिकी सिलिका फुप्फुसात रुतली की अडुळसा, गोळी, कशानेही निघत नाही. म्हणूनच 1948 च्या कारखाने अधिनियमाने या धुळीने होणारा सिलिकोसिस हा कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत घातला आणि ते ओझे व्यवस्थापकाबरोबर उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही टाकले. पण कळवायचे तर आधी ओळखावे लागते, आणि ओळखायचे तर रामाझ्झिनीचा तो प्रश्न विचारावा लागतो.

वाळू ओली ठेवणे, धूळ जिथे उठते तिथेच ओढून घेणारी यंत्रणा बसवणे, कापडी रुमालाऐवजी योग्य मास्क देणे, यांत आता गुपित काही उरलेले नाही. मला अडुळशाचा राग नाही; घरामागे माझ्याकडेही एक झुडूप आहे आणि पावसाळ्यात त्याची पाने वाफवली जातात. पण वसाहतीतून कसबा सांगावकडे जाणाऱ्या रस्त्याला दुसरी पाळी सुटली की कुठल्याही औषधाच्या दुकानासमोर क्षणभर उभे राहावे. कपाळावर काळी रेघ, भुवयांत वाळू, गळ्यात ओला रुमाल असा माणूस काउंटरवर पैसे ठेवतो.

“कोरडा, का कफाचा?”

“कफाचा. लई दिवस झालं.”

पानाचे हिरवे चित्र असलेली बाटली पुढे येते. तो ती डब्याच्या पिशवीत घालतो आणि गाडीला किक मारतो.