गिटारचा भोपळा कुठे गेला?

सतार किंवा तंबोरा तुम्ही पाहिला असेलच. ही वाद्यं बनवावीत मिरजेच्या कारागिरांनी! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांचं गोल पोट म्हणजे वाळवलेला भोपळा. नुसती तार छेडली तर जेमतेम ऐकू येते. पण तिच्याबरोबर लाकडी तबली आणि भोपळ्यातली हवा थरथरली, की आवाज घुमतो.

आता विजेवरची गिटार पाहा. बहुतेकींचं अंग भरीव लाकडाचं. पोकळी नाही, भोपळा नाही. मग एवढा आवाज येतो कुठून? तिच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं असतं. तार हलली की वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर ती वाढवतो आणि स्पीकरचा कागदी पडदा त्या विजेची पुन्हा थरथर करतो. हा स्पीकर बसतो लाकडी खोक्यात. म्हणजे गिटारचा भोपळा हरवला नाही, तो पलीकडे जाऊन बसलाय!

म्हणूनच खोकं बदललं की गिटारचा आवाज बदलतो. पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. खोकं नसेल तर पुढची हवा कडेने मागे पळते आणि जाड आवाज, म्हणजे खर्ज, विरून जातो. खोक्याची भिंत आडवी आली की खर्ज टिकतो. मागून बंद खोक्याचा आवाज भरीव, तर मागून उघड्या खोक्याचा मोकळा आणि पसरट. घरी गिटार रेकॉर्ड करणारे वादक एकच सूर निरनिराळ्या खोक्यांतून वाजवून पाहतात. माइक पडद्याच्या मध्यासमोर ठेवला तर आवाज तीक्ष्ण येतो, कडेकडे सरकवला तर मऊ.

आपल्या जालना जिल्ह्यात गावोगाव सप्ताह होतात. तिथल्या कर्ण्यातून टाळ कसे खणखणीत येतात, पण मृदंगाचा घुमारा मात्र हरवतो. पुढच्या वेळी मुद्दाम ऐका.

आता करून पाहा. गिटार नको, आईबाबांना विचारून दोन मोबाइल घ्या. एकावर ढोलकीचा छोटा तुकडा लावा. तो मोबाइल आधी कोरड्या, रिकाम्या माठात ठेवा, मग स्टीलच्या डब्यात, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात. दुसरा मोबाइल दर वेळी तोंडापासून एक वीत अंतरावर ठेवून रेकॉर्ड करा. खोली तीच, तुकडा तोच, आवाजाची पट्टी तीच. बदलायचं फक्त भांडं! नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणारच नाही.

ऐकताना आणखी एक काळजी घ्या. मोठा आवाज आपल्याला उगाचच चांगला वाटतो. आमच्या वर्गात सगळ्यांनी माठालाच पहिला नंबर देऊन टाकला. मग तिन्ही आवाज सारखे मोठे केले आणि डोळे मिटून ऐकायला सांगितलं. झालं! कुणाला पुठ्ठा आवडला, कुणाला डबा, आणि वर्गात चक्क दोन तट पडले.

आणि हो, खरा अ‍ॅम्प्लिफायर कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते.

तुमचे निकाल वहीत लिहा. नंबर देण्याआधी मात्र आवाज सारखे करायला विसरू नका. जो मोठ्यानं ओरडतो त्याचंच उत्तर बरोबर, असं वर्गात तरी कुठे असतं?